मुंबई ते पोखरा रस्त्याने: सुनौलीची सीमा आणि त्यापुढचा घाट

दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "सुनौलीला उभे आहोत. संध्याकाळचे पाच वाजलेत. पोखऱ्याची रात्रीची बस तयार आहे म्हणतोय. बसू का?"

बसू नका.

पण तोवर उशीर झालेला असतो. चूक सुनौलीत, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या नेपाळ सीमेवरच्या गावात, झालेली नसते, ती मुंबईत तिकीट काढतानाच झालेली असते. आपल्याला रात्रीच्या बसची सवय आहे. सायनला किंवा बोरिवलीला रात्री बसायचं, पणजीला नाहीतर इंदूरला सकाळी उतरायचं. एक दिवस वाचतो, लॉजचं एक भाडं वाचतं. सुनौलीहून पोखऱ्याला जाताना लागणाऱ्या नेपाळच्या घाटात हा हिशेब चालत नाही. तिथे रस्ता कधी बंद होईल, किती तास बंद राहील, याचा नेम नसतो. अंधारात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि चालक कालपासून जागा आहे की आज झोपून आलाय हे तुम्हाला कळत नाही.

म्हणून खालचा सगळा कार्यक्रम एकाच वेळेवरून उलटा मोजला आहे: सीमेपलीकडच्या भैरहवा गावाहून सकाळी सहा-सातच्या सुमारास सुटणारी पोखऱ्याची बस. ती पकडायची तर आदल्या रात्री भैरहवात झोपायचं. त्यासाठी सीमा संध्याकाळच्या आत ओलांडायची. त्यासाठी गोरखपूर दुपारच्या आत सोडायचं. शेवटची कर्जत पकडायची म्हणून ऑफिसातून कधी उठायचं हे आपण जसं ठरवतो, तसंच.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

चांगला काळ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर, आणि मार्च-एप्रिल. बाकीच्या महिन्यांबद्दल थोडं स्पष्टच बोलतो.

जून ते सप्टेंबर हा रस्ता टाळा. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी मिळतेय, गणपतीत ऑफिस बंद आहे, ही कारणं दरडीला समजत नाहीत. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नेपाळातल्या नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरडीने दोन प्रवासी बस थेट त्रिशूली नदीत ढकलल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस मर्स्यांग्दी नदीत कोसळली आणि २७ जण गेले. त्यात बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते. हा दुसरा अपघात तर भरदिवसा झाला. म्हणजे दिवसा गेलं की सगळं सुरक्षित, असा याचा अर्थ नाही. पावसाळ्यात जाऊच नये, आणि कोरड्या दिवसांतही रात्री जाऊ नये, असा आहे.

डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर अडचण वेगळी असते. उत्तर प्रदेशात आणि तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यात, दाट धुकं असतं, गाड्या कित्येक तास उशिरा पोहोचतात. या दिवसांत जायचंच असेल तर गोरखपूरला एक रात्र जादा धरा.

आता दिवाळी. आपली दिवाळी म्हणजे नेपाळचा तिहार, आणि आपल्या भाऊबीजेलाच त्यांची भाईटीका. दसऱ्याला त्यांचा दशैं. या मुख्य दिवशी माणसं घरी टीका लावून घेत असतात, त्यामुळे बस कमी सुटतात. मागच्या-पुढच्या दिवसांत उलट बसायला जागा मिळत नाही. आणि इकडे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. त्याआधीच्या आठवड्यात कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीसमोरची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगायला नको. होळीलाही तीच गत.

तपासा: ठरवलेल्या तारखांच्या दोन्ही बाजूंना छठ, होळी, दसरा, भाऊबीज यांपैकी काही येतंय का? येत असेल तर चार दिवस सरका.

२. कागद: आधारवर विसंबू नका

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. त्यामुळे "काहीच लागत नाही" असा समज पसरला आहे. लागतं. प्रौढ माणसासाठी दोनच कागद पक्के: वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड यात बसत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या ज्येष्ठांनाच आधार, पॅन, वाहन परवाना यांसारखं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. पंधरा ते अठरामधल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र घ्या.

सुनौलीच्या कमानीतून तुम्ही चालत जाल तेव्हा कदाचित कुणी काहीच विचारणार नाही. पण परतताना अचानक विमानाने यावं लागलं, पोलिसांनी बस थांबवली, लॉजवाल्याने नोंदवहीसाठी कागद मागितला, की आधार दाखवून वाद घालत बसावं लागतं. मूळ कागद सोबत असू द्या. दोन झेरॉक्स आणि चार पासपोर्ट आकाराचे फोटोही घ्या, सिमकार्डासाठी लागतात.

सावध: बरोबरच्या मित्राकडे किंवा चुलतभावाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर वरचं काहीच त्याला लागू नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असलं तरी नेपाळच्या दृष्टीने तो परदेशीच. त्याला आधी भारतीय इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का आणि मग नेपाळच्या बाजूला व्हिसा घ्यावा लागतो (पंधरा दिवसांचा ३० डॉलर, रोख आणि स्वच्छ नोटा बऱ्या). गर्दीत तो तुमच्याबरोबर सहज पलीकडे चालत जाऊ शकतो, आणि नेमकी तीच सगळ्यात महागडी चूक ठरते. शिक्का नसल्याचं कळतं ते परत निघताना.

३. पैसे आणि फोन: ही कामं घरीच उरका

नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी. शंभराचे एकशे साठ. हा हिशेब तोंडपाठ करा, कारण सीमेवर तुम्हाला भाव एकाच आकड्यात सांगितला जातो आणि चलन सांगायचं राहून जातं. तिथले लोक भारतीय पैशाला "आयसी" आणि नेपाळी पैशाला "एनसी" म्हणतात. कुठलाही आकडा ऐकलात की पुढचा शब्द तुमचा: "आयसी की एनसी?" हे न विचारता पाचशेला होकार देणारा माणूस आठशे देऊन बसतो.

रोख रक्कम शंभराच्या नोटांत न्या. नेपाळने २०१८ च्या शेवटी शंभरावरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली, आणि मोठ्या नोटांवरून खटके तेव्हापासून उडत आले आहेत. शंभराच्या नोटेवरून कुणी हुज्जत घालत नाही. बँकेत चार दिवस आधी जाऊन बंडल मागा. आयत्या वेळी एटीएम पाचशेच्याच नोटा देतं, हे आपल्याला माहीत आहेच.

मार्च २०२४ पासून नेपाळात फोनपे नावाच्या तिथल्या जाळ्याच्या क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. नाव आपल्या फोनपेसारखंच ऐकू येतं, पण कंपनी वेगळी आहे. अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट आधी चालू करावं लागतं, ते मुंबईतच करा. मात्र याला जोडधंदा समजा, मुख्य आधार नाही. घाटातल्या भातघरात (रस्त्याकडेच्या खाणावळीत) नेटवर्क नसतं आणि बसच्या काउंटरवर बहुधा रोखच चालते.

फोनबद्दल एकच मोठी चूक. नेपाळचं सिम टाकण्यासाठी भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचं. मग बँकेचा ओटीपी येत नाही, यूपीआय अॅप सिम सापडत नाही म्हणून रुसतं, आणि पाकीट हरवलं की नंबरही गेला. दोन सिमचा फोन न्या. भारतीय सिमवर रोमिंग निघण्याआधी चालू करून ठेवा, इंटरनेट मात्र नेपाळ टेलिकॉमच्या किंवा एनसेलच्या सिमवर वापरा. मुंबई सोडण्यापूर्वी बुटवल (जिथून घाट सुरू होतो ते गाव) ते पोखरा या पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या.

४. सामान: दोन पिशव्या, दोन वेगळी आयुष्यं

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सॅक भरायला शिकवायची गरज नाही. पण ट्रेकच्या सॅकवर आपला हात सतत असतो. इथे मोठी सॅक बसच्या डिक्कीत किंवा टपावर जाते आणि संध्याकाळपर्यंत दिसत नाही. म्हणून सामान "मोठं आणि छोटं" असं विभागू नका. "आठ तास हाताशी लागणारं" आणि "बाकीचं" असं विभागा.

छोट्या पिशवीत: कागदपत्रं, पैसे, औषधं, एक लिटर पाणी, जाकीट, टॉर्च, टॉयलेट पेपर, सुका खाऊ, चार्जर. ही पिशवी मांडीवर किंवा पायांत असू द्या, डोक्यावरच्या फळीवर ठेवू नका. मोठ्या सॅकला पावसाळा नसला तरी रेनकव्हर चढवा. बुटवलच्या आसपास रस्त्याची कामं वर्षानुवर्षं चाललेली आहेत, त्यामुळे टपावरची सॅक पोखऱ्याला पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी उतरते. लोंबणारे पट्टे आत खोचा, सगळ्या चेन एका बारीक कुलुपात अडकवा.

गाडी लागत असेल त्यांनी औषध इथेच घ्यायला हवं. अॅव्होमिनसारखी गोळी बस सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा उलटीबरोबर बाहेर पडते. तिने झोप येते, म्हणून एकटे प्रवास करणाऱ्यांनी सामान आधी नीट बांधून ठेवावं. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आलेपाक आणि आवळा सुपारी आमच्याकडे अजूनही आई बांधून देते. त्याचा उपयोग किती आणि सवय किती हे सांगता येणार नाही, पण मी नेतो.

उंचीच्या त्रासाच्या गोळ्या मात्र या प्रवासासाठी नकोत. पोखरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही खाली. त्रास होतो तो वळणांचा.

५. मुंबई ते गोरखपूर

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सकाळी आठला बसायचं, कारण गोरखपूरच्या गाड्या मिनिटांत प्रतीक्षा यादीत जातात. लोकमान्य टिळक टर्मिनसहून भोपाळ-झाशी-लखनौमार्गे जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस सरळ पडते, तरी तीस तासांच्या वर लागतात. त्याच स्थानकावरून वाराणसीमार्गे जाणाऱ्या आणि वांद्र्याहून सुटणाऱ्या गाड्या आणखी लांबच्या वाटेने फिरतात. गाडी निवडताना सुटण्याची वेळ बघू नका, पोहोचण्याची बघा. सकाळी गोरखपूरला उतरवणारी गाडीच आपल्या कामाची. संध्याकाळी पोहोचवणारी स्वस्तात मिळाली, तरी गोरखपूरला मुक्काम करा आणि तो खर्च आधीच हिशेबात धरा.

तत्काळवर अवलंबून राहायचं असेल तर तुमचं आयआरसीटीसी खातं आधारशी पडताळलेलं आहे ना, हे बघून ठेवा. जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही.

एक बारीक गोष्ट. गोरखपूरचा फलाट १३६६ मीटर लांब आहे, जगातल्या सर्वांत लांब फलाटांपैकी एक. चुकीच्या टोकाला उतरलात तर अठरा किलोची सॅक पाठीवर घेऊन तुमचा पहिला ट्रेक तिथेच होतो.

तपासा: गाडी किती उशिरा धावतेय हे लखनौ सुटल्यावर बघा. दुपारी दोननंतर गोरखपूरला पोहोचणार असाल तर तिथेच खोली बघायला लागा. सीमा उद्या.

६. गोरखपूर ते सुनौली

अंतर साधारण ९० ते ९५ किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास. रोडवेजचा बसस्टँड स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि तिथून सुनौलीच्या बस दिवसभर सुटतात. रेल्वेने नौतनव्यापर्यंत जाऊन तिथून रिक्षाही करता येते, पण बस सोपी.

स्टेशनच्या दारातच "काठमांडू डायरेक्ट, पोखरा डायरेक्ट" म्हणत कुणीतरी हात धरेल. इथे थांबून विचार करा. हा माणूस जे तिकीट विकतो ते बहुतेक वेळा दोन वेगळ्या बसचं असतं: एक सीमेपर्यंत, दुसरी पलीकडून. दुसरीच्या सीटचा क्रमांक त्याच्या हातात नसतो. पलीकडे गेल्यावर "ती बस गेली, आता रात्रीची घ्या" असं ऐकू येतं आणि पैसे तर गोरखपुरात राहिलेले. मी पहिल्या खेपेला हेच केलं. रात्री आठला भैरहवातून निघालेली बस बुटवलच्या वर घाटात अडकली आणि पहाटेपर्यंत हलली नाही. शेजारच्या आजोबांनी मला अर्धं कांबळं दिलं, म्हणून त्या रात्रीची आठवण पूर्ण वाईट नाही. पण तिकिटावर छापलेलं "डायरेक्ट" आजही दिसलं की हसू येतं.

नियम सोपा आहे. भारतात फक्त भारतातल्या बसचं तिकीट काढा. नेपाळमधल्या बसचं तिकीट नेपाळात, बस डोळ्यांसमोर उभी असताना किंवा निदान काउंटर खरा असल्याचं दिसत असताना काढा. दिल्ली ते काठमांडू अशी खरीच थेट बससेवा आहे, २०१४ पासून. पण ती दिल्लीहून सुटते, गोरखपूरच्या चहाच्या टपरीवरून नव्हे.

सुनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग कित्येकदा किलोमीटरभर असते. कंडक्टर मध्येच "उतरा" म्हणाला तर दचकू नका, बाकीची माणसंही उतरून चालायला लागलेली दिसतील.

७. कमानीतून पलीकडे: क्रम चुकवू नका

ही पायरी अर्ध्या तासाची आहे आणि निम्मे लोक इथेच पैसे घालवतात. क्रम असा:

पहिलं, भारतीय बाजूलाच पाणी प्या, मुतारीला जाऊन या, ओळखपत्र पुढच्या खिशात घ्या. दुसरं, सायकलरिक्षावाल्यांना हात जोडून नको म्हणा आणि चालायला लागा. सीमेपलीकडे जायला वाहन लागत नाही. तिसरं, सशस्त्र सीमा बलाचे जवान बॅग उघडायला सांगतील तर उघडा. चौथं, कमान ओलांडली की तुम्ही नेपाळच्या बाजूच्या बेलहियात आलात. इथे नेपाळी पोलीस किंवा सीमाशुल्काचा माणूस विचारेल तर ओळखपत्र दाखवा, पोखऱ्याला चाललो म्हणून सांगा.

भारतीय पासपोर्टवर इथे शिक्का बसत नाही. तो शोधत इमिग्रेशनच्या खिडकीवर जाऊ नका. आणि "एंट्री फी", "परमिट", "लगेज पास" या नावाने भारतीय पायी प्रवाशाला काहीही द्यावं लागत नाही. मागणारा अगदी गणवेशासारखा शर्ट घालून आला तरी पावती मागा. पावतीचा विषय निघाला की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

पैसे बदलायचे तर इथे थोडेच बदला, आजच्या जेवणाला, खोलीला आणि उद्याच्या बसला पुरतील एवढे. दुकानात विचारायचं ते असं: "हजार आयसीचे हातात किती एनसी?" १६०० च्या जवळचा आकडा यायला हवा, मधला फरक म्हणजे त्याचं कमिशन. नोटा त्याच्यासमोर मोजा.

तपासा: घड्याळ. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. फोन आपोआप बदलेल असं धरू नका, कारण सीमेलगत तो भारतीय टॉवर पकडून भारतीय वेळच दाखवत राहतो. सकाळी साडेसहाची बस याच पंधरा मिनिटांनी चुकते, आणि चुकल्यावर माणूस बसवाल्याला शिव्या देतो. मनगटी घड्याळ आत्ताच पुढे करा.

८. भैरहवा: रात्र सपाटीवर काढा

बेलहियापासून भैरहवा तीन-चार किलोमीटर, ई-रिक्षा मिळते. पाट्यांवर सिद्धार्थनगर असंही लिहिलेलं असतं, गाव तेच. खोली बसपार्कपासून चालत जाता येईल अशी घ्या. हातात एक दिवस असेल तर वीस-बावीस किलोमीटरवरच्या लुंबिनीत राहून पुढे निघणं हा उत्तम पर्याय आहे. तीस तासांच्या रेल्वेनंतर पाठीला तेवढी विश्रांती हवीच असते.

खोलीत सॅक टाकली की आंघोळीआधी बसच्या काउंटरवर जा. विचारायचे प्रश्न चार.

कुठून जाणार? पोखऱ्याला दोन वाटा आहेत. सिद्धार्थ राजमार्ग बुटवल, पाल्पा, रामदी, वालिङ, स्याङ्जा असा थेट डोंगरातून जातो, साधारण १८० किलोमीटर. दुसरी वाट नारायणगढ आणि मुग्लिनवरून वळसा घालते. नेपाळीत विचारा: "पाल्पा भएर जान्छ कि नारायणगढ भएर?" एवढं एक वाक्य बोललात तरी काउंटरवरचा माणूस बदलतो.

कोणती गाडी? मायक्रो म्हणजे छोटी व्हॅन. ती वेगात जाते, पण वेगात जाणं हा घाटात गुण नाही. मोठी बस सावकाश जाते, पाय पसरता येतात. माझं मत मोठ्या बसच्या बाजूने.

कोणती सीट? पुढच्या चार रांगांतली मागा. मागच्या चाकावरची आणि शेवटची रांग कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

कुठून सुटणार? बसपार्कमधून की रस्त्यावरच्या चौकातून, ते आजच जाऊन पाहून या.

आता तिकीट वाचा. ते देवनागरीत असतं, म्हणून आपल्याला जगाच्या पाठीवरच्या इतर पाहुण्यांपेक्षा हे सोपं जातं, आणि तिथेच आपण फसतो. तारीख विक्रम संवताची असू शकते. "कात्तिक १२" दिसलं की आपण कार्तिक शुद्ध द्वादशी समजतो. नेपाळचे महिने सौर असतात. कात्तिक ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो, म्हणजे ती तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांतली. काउंटरवरच विचारा, "भोलि, हैन?" म्हणजे "उद्याचीच ना?" "बिहान" म्हणजे सकाळ. बसचा क्रमांक तिकिटावर लिहून घ्या, जुन्या पाट्यांवर तोही देवनागरीतच रंगवलेला असतो.

सावध: "आत्ता लगेच सुटणारी रात्रीची बस आहे, सकाळी पोखरा." हे वाक्य इथे तुम्ही किमान तीनदा ऐकाल. पावसाळ्यात दरडीच्या पट्ट्यांत जिल्हा प्रशासन रात्रीच्या बस बंदच करतं, त्यावरून काय ते समजा.

९. घाटाचा दिवस

उठल्यावर पोटभर खाऊ नका, पण रिकाम्या पोटीही बसू नका. दोन बिस्किटं, एखादं केळं. गाडी लागण्याची गोळी आता घ्या. बसपार्कला अर्धा तास आधी पोहोचा, मोठी सॅक स्वतःच्या डोळ्यांसमोर डिक्कीत चढवा आणि तिचा फोटो काढा. बसच्या मदतनिसाला तिथे खलासी म्हणतात. आपल्याकडे खलासी बोटीवर असतो, तिथे दारात लटकतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, दिवसभर तोच तुमचा माणूस. हाक "दाइ" अशी.

बुटवलपर्यंत रस्ता सपाट, आणि बुटवल संपताच डोंगर सुरू. लगेचचा सिद्धबाबाचा पट्टा वरून दगड येण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे बस थांबली तरी खाली उतरून फोटो काढत उभं राहू नका. खिडकी लावा, आत बसा. पुढे पाल्पापर्यंत वळणं संपत नाहीत. मोबाइल खाली ठेवा, नजर समोरच्या काचेतून दूर ठेवा. रामदीला काली गंडकीचा पूल आला की अवघड भाग बराचसा मागे पडला असं समजा.

जेवणाची वेळ आपल्यापेक्षा वेगळी. नेपाळात डाळभात सकाळी दहा-अकरालाच होतो आणि बस तेव्हाच थांबते. "इतक्या लवकर कोण जेवतं" म्हणून चहा पिऊन बसलेले मुंबईकर दुपारी दोनला व्याकूळ होतात, आणि तेव्हा बस थांबत नाही. थांबेल तिथे जेवा, अर्धं ताट का होईना. उतरताना बसचा क्रमांक पुन्हा बघा, भातघरासमोर एकसारख्या चार बस उभ्या असतात.

बायकांसाठी: जेवणाच्या थांब्यावर गरज वाटो न वाटो, जाऊन या. मध्येच लागलं तर संकोच करू नका. "दाइ, एकछिन रोक्नुस् न" म्हटलं की बस थांबते, तिथे यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

एवढ्या अंतराला सहा तास लागतात, कधी नऊ. पोखऱ्याला कुणाला वेळ देऊन ठेवू नका. सकाळी निघाल्यामुळे उशीर झाला तरी उजेडातच पोहोचता, सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

१०. रस्ता बंद झाला तर

"पहिरो" म्हणजे दरड. "बाटो बन्द" म्हणजे रस्ता बंद. हे दोन शब्द बसमध्ये ऐकू आले की पहिला अर्धा तास काहीच करू नका. लोक उतरून समोरच्या बाजूने पायी पलीकडे जातात आणि तिकडची बस धरतात. स्थानिक माणसाला वाट माहीत असते, तुम्हाला नसते. सैल दरडीवरून सॅक घेऊन चालणं म्हणजे हरिश्चंद्रगडाची नळीची वाट पावसात उतरण्यासारखं आहे.

खलासीला विचारा: दोन तास की उद्या? दोन तास असेल तर बसून राहा. "उद्या" असेल आणि उजेड असेल तर मागच्या गावात परत जाऊन खोली घ्या. पाल्पाचं ताँसेन गाव अशा मुक्कामाला वाईट नाही, मी तर तिथे मुद्दाम राहायला जाईन. वाहतूक पोलिसांचा क्रमांक १०३, पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४. हे नेपाळी सिमवरून लागतात, आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि बंद किंवा चक्काजामची बातमी आदल्या संध्याकाळी लॉजवाल्याला विचारण्याची सवय लावा. त्याला वर्तमानपत्राआधी कळलेलं असतं.

११. परतताना

परतीचा हिशेबही तसाच, फक्त उलटा. मुंबईची गाडी ज्या दिवशी असेल, त्याच्या दोन दिवस आधी सकाळी पोखरा सोडा. आदल्या दिवशी निघून गाडी पकडता येते, असं सांगणारे भेटतील. त्यांची पकडली गेली असेल, पण बंद रस्त्यात बसून आरक्षणाचा फोटो बघत राहिलेल्यांची संख्या मला जास्त माहीत आहे.

उरलेले नेपाळी पैसे सीमेच्या आतच, बेलहियात बदला. शनिवारी नेपाळात बँका बंद असतात, म्हणून बँकेवर अवलंबून राहणार असाल तर वार बघा. गोरखपूरला गाडी रात्रीची असेल तरी सुनौली दुपारी बारापर्यंत सोडा. घड्याळ पंधरा मिनिटं मागे करा. ते विसरलात तर या वेळी निदान गाडी चुकणार नाही, फलाटावर पाव तास जादा बसावं लागेल इतकंच.